कुणाच्या पापामुळे? आजार, पाणी आणि आपला परिसर

(लहान ख्रिस्ती समूहांच्या बैठकीसाठी अभ्यासपाठ)
वाचने: योहान ९:१-७, लूक १३:१-५, लेवीय १४:३३-४५



पावसाळा सुरू झाला की आपल्या वसईत दोन गोष्टी हमखास वाढतात, भिंतीवरचे शेवाळ आणि घराघरातले आजारपण. कुणाला ताप, कुणाला कावीळ, कुणाच्या मुलाला जुलाब. रविवारी मिस्सेच्या आधी आजाऱ्यांसाठी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या नेहमीपेक्षा जास्त येतात. त्या चिठ्ठ्यांबरोबर एक प्रश्नही येतो. तो बहुधा हळू आवाजात विचारला जातो: "फादर, आमच्याच घरी का? आमचे काय चुकले?" कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते देवाने परीक्षा घेतली, आणि कुणी तर शेजाऱ्याच्या घरातल्या आजाराचा संबंध त्याच्या जुन्या भांडणाशी जोडून मोकळे होते.

हा प्रश्न नवा नाही. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांनी तो प्रभू येशूला स्पष्टपणे विचारला आहे. जन्मापासून आंधळा असलेला माणूस वाटेत दिसतो आणि शिष्य विचारतात की पाप याने केले की याच्या आईवडिलांनी? येशूचे उत्तर सरळ आहे: याने नाही आणि याच्या आईवडिलांनीही नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावल्याचा उल्लेख येतो. तिथेही येशू म्हणतो की ती माणसे यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका.

म्हणजे आजारी माणसाकडे बोट दाखवण्याची वाट प्रभूने बंद करून टाकली. पण पुढे काय घडते तेही नीट वाचावे. "देवाची इच्छा" एवढे म्हणून येशू पुढे निघून जात नाही. दिवस आहे तोवर काम केले पाहिजे, असे तो सांगतो. मग चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला तळ्यावर धुवायला पाठवतो. पाप कुणाचे हा प्रश्न बाजूला सारला जातो आणि हात कामाला लागतात. आजच्या पाठात आपल्याला हाच बदल समजून घ्यायचा आहे. "कुणाच्या पापामुळे?" हे विचारणे सोडून "कशामुळे?" असे विचारायला लागलो, तर आपल्या आळीतल्या पुष्कळ आजारांचे उत्तर विहिरीत, गटारात, पाण्याच्या टाकीत आणि चुलीच्या धुरात सापडते.

जुन्या करारातील तीन जागा

लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात घराला लागलेल्या डागांविषयी नियम आहेत. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरमालकाने याजकाला कळवायचे. याजक येण्याअगोदर घर रिकामे करायचे. मग घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहायचे. डाग पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतला गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. एवढे करूनही डाग परत आला तर घरच पाडायचे. अनुवादाच्या २३व्या अध्यायात छावणीबाहेर शौचाला जाताना सोबत कुदळीसारखे हत्यार न्यावे आणि विष्ठा मातीने झाकावी असा नियम आहे. आणि राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (२:१९-२२) यरीहोचे लोक अलीशाला सांगतात की नगर चांगले आहे पण पाणी वाईट आहे. अलीशा घराघरातल्या घागरींत मीठ टाकत बसत नाही. तो पाण्याच्या उगमापाशी जातो.

इथे एक सावधगिरी हवी. लेवीय ग्रंथ हे वैद्यकाचे पुस्तक नव्हे. त्यात जंतुशास्त्र सांगितले आहे असे काही उत्साही मंडळी म्हणतात, ते खरे नाही. ते नियम मुख्यतः उपासनेतील शुद्ध-अशुद्धतेचे आहेत. परंतु एक गोष्ट निश्चित घेण्यासारखी आहे. घराची भिंत, छावणीची जमीन आणि गावाचे पाणी या गोष्टी त्या लोकांना धर्माबाहेरच्या वाटत नव्हत्या. याजक आजारी माणसाला पाहायला जाई, तसा ओल आलेले घर पाहायलाही जाई.

ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याच्या नावावरचा एक ग्रंथ ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमाराचा आहे. नव्या गावात आलेल्या वैद्याने तिथली हवा, पाणी आणि जमीन आधी पाहावी, असा त्याचा विषय. तेव्हा आजाराचे मूळ परिसरात शोधायचे ही कल्पना फार जुनी आहे. कमी होता तो पुरावा. तो पुढे कसा मिळाला, याची एक गोष्ट आपल्या धर्मग्रामाने जरूर ऐकावी अशी आहे, कारण तिच्यात एका तरुण धर्मगुरूचा मोठा वाटा आहे.

लंडनमधला एक हातपंप

साल १८५४. लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीट नावाचा रस्ता होता. दाट वस्ती, एकेका खोलीत एकेक कुटुंब, घरांच्या तळघरात मैलाखड्डे. रस्त्यावर सार्वजनिक हातपंप होता आणि त्याचे पाणी आसपास प्रसिद्ध होते, कारण ते थंड आणि चवीला चांगले लागत असे. ३१ ऑगस्टच्या रात्री तिथे पटकी, म्हणजे कॉलरा, सुरू झाला. पहिल्या तीन दिवसांत १२७ माणसे गेली. साथ संपेपर्यंत मृतांचा आकडा ६००च्या वर गेला होता. घरेच्या घरे ओस पडली. ज्यांना पळता आले ते पळाले.

तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांचे मत असे की कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेतून होतो. जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांचे मत वेगळे होते. हे स्नो भूल देण्यात निष्णात. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात त्यांनीच क्लोरोफॉर्म दिले होते. कॉलरा पोटात जाणाऱ्या पाण्यातून पसरतो असे ते १८४९ पासून सांगत होते, पण कुणी फारसे मनावर घेत नव्हते. आता त्यांनी मृतांची यादी मिळवली आणि घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारला: पाणी कुठले पीत होता?

उत्तरे बोलकी होती. जवळच्याच गरिबांच्या वर्कहाउसमध्ये पाचशेहून अधिक माणसे राहत. तिथे फक्त पाच दगावली. त्यांची विहीर स्वतंत्र होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातील सत्तरेक कामगारांपैकी कुणीच कॉलऱ्याने गेले नाही. त्यांना प्यायला बिअर मिळे, आणि कारखान्याची स्वतःची विहीरही होती. (यावरून कुणी भलताच निष्कर्ष काढू नये!) उलट काही मैल दूर, हॅम्पस्टेडच्या मोकळ्या हवेत राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहत असे. तिथल्या पाण्याची गोडी सुटेना म्हणून रोज बाटली भरून आणवत असे. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्यायली आणि तीही गेली.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी तिथल्या पॅरिशच्या कारभाऱ्यांपुढे आपले म्हणणे मांडले. त्यांना ते पूर्ण पटले नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत लोक पळून गेल्यामुळे साथ उतरणीला लागलीच होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दांडा काढला आणि साथ थांबली, असे चित्र पुष्कळ पुस्तकांत रंगवलेले असते. ते तितके सोपे नाही.

आता धर्मगुरूंकडे येऊ. त्याच भागातील अँग्लिकन चर्चचे सहाय्यक धर्मगुरू होते हेन्री व्हाइटहेड. साथीत ते रोज घरोघर फिरले, मरणाऱ्यांच्या उशाशी बसले. स्नो यांचे म्हणणे त्यांना मुळीच पटले नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते की त्याच पंपाचे भरपूर पाणी पिऊन काही आजारी बरे झाले. तेव्हा या डॉक्टरांना खोटे ठरवायचे, या इराद्यानेच त्यांनी चौकशी सुरू केली. पण त्यांच्याजवळ एक गोष्ट होती जी स्नो यांच्याजवळ नव्हती. ते आपली माणसे ओळखत होते. कोण गाव सोडून गेले, कुणाचे मूल पाणी भरायला जायचे, कुणाला विचारायचे हे त्यांना ठाऊक होते. एकेका घरी ते चार-चार, पाच-पाच वेळा गेले. आकडे जमले तेव्हा चित्र उलटेच निघाले. ते पाणी पिणाऱ्या १३७ जणांपैकी ८० आजारी पडले होते आणि न पिणाऱ्या २९७ जणांपैकी फक्त २०.

व्हाइटहेड यांनी आपले मत बदलले. इतकेच नव्हे, साथीची सुरुवात कशी झाली हेही त्यांनीच शोधले. मृत्यूची नोंदवही चाळताना ब्रॉड स्ट्रीट ४० क्रमांकाच्या घरातील पाच महिन्यांच्या एका मुलीची नोंद त्यांच्या नजरेस पडली. तिला साथीच्या अगोदरच जुलाब सुरू झाले होते. ते तिच्या आईला भेटले. आईने बाळाची दुपटी बादलीत धुतली होती आणि ते पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतले होते. खड्डा उकरून पाहिला तेव्हा त्याचे विटांचे बांधकाम ढासळलेले निघाले. पंपाच्या विहिरीपासून तो तीन फुटांच्याही आत होता.

आणखी एक तपशील, जो वाचून अंगावर काटा येतो. त्या बाळाचे वडील ८ सप्टेंबरला कॉलऱ्याने आजारी पडले. त्याच दिवशी पंपाचा दांडा काढला गेला होता. त्यांच्या आजारपणातले मैलापाणीही त्याच खड्ड्यात गेले असणार. दांडा जागेवर असता तर कदाचित दुसरी साथ उसळली असती.

त्या आईला पापी ठरवायचे का? बाळाचे दुपटे कोणती आई धूत नाही? दोष होता त्या खड्ड्याच्या जागेचा, ढासळलेल्या विटांचा, आणि गरिबांच्या घराखाली मैला साठू देणाऱ्या शहराचा. सरकारी आरोग्य मंडळाने स्नो यांचे म्हणणे १८५५ मध्ये फेटाळले. १८५८ साली ते वारले. कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये आणि मग आपल्या कलकत्त्यात ओळखला तो १८८३-८४ मध्ये.

आपल्या विहिरी

आता लंडन सोडून घरी येऊ. आपल्या वाडवडिलांनी वसईत विहिरी आणि बावखले राखली. बागायत, केळी, पानवेली, फुले सगळे त्या पाण्यावर उभे राहिले. विहिरीजवळ कुणी कपडे धुतले तरी म्हातारी माणसे ओरडत असत. त्यांना जंतूंची नावे माहीत नव्हती, पण पाण्याची राखण माहीत होती.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत वस्ती वाढली तशी विहिरीपासून पंधरा-वीस फुटांवर सेप्टिक टँक आणि शोषखड्डे आले. आपली किनाऱ्याकडची जमीन रेताड. वरून टाकलेले पाणी खाली झिरपायला तिथे वेळ लागत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास-साठ फूट दूर हवा, असे अभियंते सांगतात. आपल्या किती वाड्यांत हे अंतर पाळले आहे, ते प्रत्येकाने पावलांनी मोजून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे.

अशा पाण्यातून कॉलरा, विषमज्वर (टायफॉइड), हगवण आणि कावीळ होते. काविळीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दूषित पाणी पोटात गेल्यावर ही कावीळ लगेच दिसत नाही. सर्वसाधारणपणे दोन ते सात आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात. म्हणून आज आपल्या घरात कावीळ निघाली तर कालच्या लग्नातल्या सरबताला दोष देण्यात अर्थ नसतो. महिन्यापूर्वी कुठले पाणी प्यायलो ते आठवावे लागते. आणि तोवर त्याच विहिरीचे पाणी आणखी दहा घरे पीत असतात. काविळीचा 'ई' प्रकार गरोदर स्त्रियांच्या जिवावर बेतू शकतो. घरात गरोदर सून किंवा मुलगी असेल तर पाणी उकळण्याचा कंटाळा करू नये.

पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक मिनिट तसेच उकळू दिले की हे जंतू मरतात. दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड असणे हा शुद्धतेचा पुरावा नाही. ब्रॉड स्ट्रीटचे पाणी दोन्ही होते. ज्यांची विहीर वापरात आहे त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि पूर ओसरल्यावर पाण्याचा नमुना तपासून घ्यावा, आणि आरोग्य खात्याच्या माणसांना विचारून योग्य प्रमाणात ब्लिचिंग पावडर टाकावी. अंदाजाने पाटीभर टाकू नये. लहान मुलाला जुलाब लागले तर पाणी बंद करणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक समजूत आहे. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजत राहावे. औषधाच्या दुकानातले ओआरएसचे पाकीट मिळाले तर अधिक चांगले. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

उकळल्याने एक गोष्ट मात्र जात नाही, ती म्हणजे खारटपणा. बोअरिंगला मोठे पंप लावून टँकर भरभरून पाणी उपसले की गोड्या पाण्याची पातळी उतरते आणि समुद्राचे पाणी आत सरकते. बांगलादेशाच्या किनारी भागात असे खारट पाणी पिणाऱ्या गरोदर स्त्रियांमध्ये रक्तदाब वाढल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. पाण्याच्या उपशाविरुद्ध वसईत जो हरित वसईचा लढा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभा राहिला, तो झाडांपुरता कधीच नव्हता. तो आपल्या शरीराचाही प्रश्न होता.

इथे थोडे कडू बोलावे लागेल. टँकरला पाणी विकणारे सगळे बाहेरचे नाहीत. विहिरीला खेटून चाळ बांधून दहा खोल्यांना मिळून दोन संडास देणारे सगळे बाहेरचे नाहीत. बावखलात डेब्रिज टाकून जमीन करणाऱ्यांत आपलीही नावे आहेत. भाडेकरूंच्या मुलांना वरचेवर जुलाब होतात, तेव्हा "ही माणसेच अस्वच्छ" असे आपण सहज म्हणतो. शिष्यांच्या प्रश्नाचेच हे आजचे रूप आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात दूषित पाण्याचा आणि गरिबांच्या आजारांचा संबंध स्पष्ट दाखवला आहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे म्हटले आहे (परिच्छेद २९ व ३०). भाडे घेणाऱ्याला हा परिच्छेद लागू होत नाही असे त्यात कुठे म्हटलेले नाही.

डास आणि टाकीचे झाकण

रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी पाहिले. त्यानंतर मुंबईत मलेरिया का, याचा तपास डॉ. चार्ल्स बेंटले यांनी केला. १९११ सालच्या त्यांच्या अहवालात उत्तर होते घराघरातल्या विहिरी. शहरातला मलेरियाचा डास विहिरीच्या आणि टाकीच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. महापालिकेने विहिरी बुजवायला किंवा बंद करायला सांगितले तेव्हा मोठी खळबळ उडाली. पारशी आणि इतरही समाजांत विहीर पवित्र मानली जाई. काही ठिकाणी बारीक जाळीची झाकणे बसवून तोडगा निघाला. विहीरही राहिली आणि डासही अडला. श्रद्धा आणि आरोग्य यांचे भांडण बहुतेक वेळा अशा एखाद्या झाकणावर मिटू शकते, पण त्यासाठी दोन्ही बाजूंनी बसून बोलावे लागते.

डेंग्यूचा डास वेगळा. तो दिवसा चावतो आणि गटारापेक्षा घरातले साठवलेले पाणी पसंत करतो. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, अंगणातली करवंटी, गच्चीवर पडलेला टायर. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन् महिने जगतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासायची. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कडा घासायला हव्यात. आपल्या कबरस्तानातील फुलदाण्यांकडेही लक्ष द्यावे. मृतांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या फुलांच्या पाण्यात डासांची पैदास होणे बरे नव्हे. तिथे पाण्याऐवजी ओली वाळू चालते. ताप आल्यास स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

प्लेगचे क्रूस

मुंबईत वांद्र्यापासून गिरगावपर्यंतच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांतून फिरताना नाक्यानाक्यावर क्रूस दिसतात. त्यांतले कित्येक प्लेगच्या साथीत लोकांनी उभारले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात हा प्लेग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. ते गोव्यातील हडफड्याचे कॅथलिक. मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांची वस्ती, म्हणजे उंदरांचीही. उंदरावरच्या पिसवांमधून प्लेग माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवले. त्या दोन वर्षांत कुणी गुडघे टेकले, कुणी रुग्ण तपासले, कुणी उंदीर मोजले. प्रार्थना आणि तपास एकमेकांच्या आड आले नाहीत. ते क्रूस आजही उभे आहेत. डॉ. व्हिएगस यांचा पुतळाही मुंबईत मेट्रो सिनेमासमोर आहे.

उंदीर आपल्याकडे आता दुसऱ्या वाटेने त्रास देतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या, तसेच गुराढोरांच्या मुतातून पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत या तापाचे अनेक बळी गेले. जुलै २०१८ मध्ये आपल्याकडे रेल्वे बंद पडून लोक गुडघाभर पाण्यातून चालले, तेव्हाही भीती तीच होती. पुराच्या पाण्यातून चालावे लागले, शेतात चिखलात काम केले, तर घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. जखम असेल तर डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असे झाले तर डॉक्टरांना "मी पाण्यातून चाललो होतो" हे आठवणीने सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते. आणि पाणी तुंबते का, याचे उत्तर वर आभाळात शोधू नये. खाडीकडे जाणारे ओहोळ आणि मिठागरांच्या जागा भराव टाकून कुणी बुजवल्या, ते पाहावे.

धूर आणि ओल

याविषयी थोडक्यात. लंडनमध्येच डिसेंबर १९५२ मध्ये कोळशाचा धूर आणि धुके मिळून पाच दिवस शहर झाकोळले आणि हजारो माणसे दगावली, बहुतांशी म्हातारी आणि छातीचे आजार असलेली. आपल्याकडे तसे एकाच वेळी घडत नाही, म्हणून ते दिसत नाही. संध्याकाळी कचऱ्याबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या पेटवण्याची सवय अजून गेलेली नाही. त्या धुराचा पहिला घास शेजारच्या बाळाला आणि दम्याच्या आजीला मिळतो. चुलीवर अंघोळीचे पाणी तापवायचे असेल तर चूल उघड्यावर असावी, बंद मोरीत नसावी. आणि पावसाळ्यात भिंतीला बुरशी आली असेल तर तिच्यावर नुसता रंग मारू नये. गळती कुठून होते ते शोधावे, गिलावा खरवडावा, खोलीला वारा द्यावा. ओल असलेल्या घरात मुलांना खोकला आणि दम्याचा त्रास अधिक होतो. लेवीयाचा याजकही रंग मारा असे म्हणाला नव्हता.

समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या आळीत गेल्या पावसाळ्यात कावीळ, डेंग्यू किंवा लेप्टो कुणाकुणाला झाला? नावे जाहीर न करता, कोणत्या महिन्यात आणि पाणी कुठले, एवढेच कागदावर मांडता येईल का?

२. आपल्या विहिरीपासून सर्वात जवळचा शोषखड्डा किती पावलांवर आहे? तो कुणाच्या जागेत आहे, आणि त्या कुटुंबाशी भांडण न करता कोण बोलू शकेल?

३. आपल्या जागेत भाडेकरू असतील तर त्यांना पिण्याचे पाणी कुठून मिळते? या बैठकीला त्यांच्यापैकी कुणी आले आहे का?

४. हेन्री व्हाइटहेड एकेका घरी चार-पाच वेळा गेले. आपल्या समूहातून आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांनी घरच्या पाण्याविषयीही विचारायला सुरुवात केली, तर लोकांना ते कसे वाटेल?